मिनी डीव्ही कॅमेऱ्याचं जुनं शूटिंग कॉम्प्युटरवर लावलं की हलत्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. कॅमेरा खराब होता का? रेघा कशा घालवायच्या?

कॅमेरा खराब नव्हता. हे सगळ्यात आधी, कारण हाच ठपका मी वर्षानुवर्षं ऐकलाय.

अमळनेर-पारोळा भागात मी लग्नांचं शूटिंग करायचो. आमच्या घरची कानबाई, म्हणजे खानदेशातला देवीचा उत्सव, तोही त्याच कॅमेऱ्यात घेतला. नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रभर अहिराणी गाणी, आणि सोमवारी विसर्जनाला निघताना मोठी आई कानबाई डोक्यावर घेऊन नाचली. त्याच दिवशी डब्बा टीव्हीला कॅमेरा जोडून सगळ्यांनी पाहिलं, एक रेघ नव्हती. पुढे दाजींनी ती कॅसेट शहरातल्या एका लॅबमध्ये देऊन फाइल करून आणली. लॅपटॉपवर लावली तर मोठ्या आईचा एक हात दोन ठिकाणी दिसतोय, बांगड्यांचा नुसता धूर, लुगड्याचा काठ दातेरी. मागे ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं मात्र स्वच्छ. सगळ्या भाऊबंदांसमोर दाजी म्हणाले, "भाऊ, तुना कॅमेराच खराब व्हता."

ओट्यावरची माणसं स्वच्छ होती, यातच उत्तर आहे. आपल्याकडच्या पाल (भारतातली जुन्या टीव्हीची पद्धत) कॅमेऱ्यात सेकंदाला 50 फील्ड असतात. एका फील्डमध्ये एकाआड एक ओळी, उरलेल्या ओळी 1/50 सेकंदानंतरच्या फील्डमध्ये. डब्बा टीव्ही त्या एकामागून एक दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही एकत्र दाखवतो, तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. कॅसेट खराब असती तर चौकोनी ठोकळे दिसले असते, आणि तेही स्थिर भिंतीवरसुद्धा.

लॅबवाल्याने दोन फील्ड एकमेकांत मिसळून टाकली होती आणि वरून साइजही बदलली होती. हा खरा गुन्हा. डीइंटरलेस करायच्या, म्हणजे दोन फील्ड सोडवून पूर्ण फ्रेम करायच्या आधी उंची बदलली की ओळी कायमच्या एकमेकांत जातात, मग कुठलाच फिल्टर त्या धड सुटू देत नाही.

मोठी आई गेल्यावर सगळ्यांना ते शूटिंग हवं होतं, म्हणून मी दाजींच्या कपाटातून मूळ कॅसेट काढून आणली. फायरवायरने, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या केबलने, जशीच्या तशी उतरवली, तासाला साधारण 13 जीबी. क्यूटीजीएमसी हा डीइंटरलेसचा फिल्टर लावून 50 फ्रेमची फाइल केली. हात एकच, बांगड्या मोजता येतात. दाजींनी पाहिलं आणि म्हणाले, "नवीन सॉफ्टवेअरची कमाल." अहो, सॉफ्टवेअर नसलेली गोष्ट कुठून आणणार? कॅसेटवर होतं म्हणून निघालं.

क्यूटीजीएमसी एव्हीसिंथ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो; तुम्ही त्या भानगडीत पडणार नसाल तर हँडब्रेक या व्हिडिओ फाइल बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्वडिफ हा डीइंटरलेसचा फिल्टर घ्या आणि बॉब (प्रत्येक फील्डची एक फ्रेम) निवडा. तयार फाइल 50 फ्रेमची झाली का ते तपासा. 25 झाली असेल तर अर्धी हालचाल गेली. ब्लेंड नावाचा, दोन फील्ड मिसळणारा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, एचडीव्हीत (तशाच कॅसेटवरचं एचडी शूटिंग) वरचं. क्रम चुकला की माणसं पुढे-मागे थरथरतात. साइज बदलायची ती सगळ्यात शेवटी.

नुसतं बघायचंच असेल तर यातलं काही करू नका, व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा. आणि काही कॅमेरे 25 पूर्ण फ्रेमच दोन फील्डमध्ये वाटून ठेवायचे. तसं शूटिंग असेल तर डीइंटरलेस केल्याने उलट बारकावे जातील. हलणारं माणूस असलेली एखादी फ्रेम थांबवून पाहा, रेघा नसतील तर सोडून द्या.

लॅबमधून फक्त फाइल आली असेल तर आजच जाऊन कॅसेट परत मागा. आणि घरात कोणी "कॅमेराच खराब होता" म्हणत असेल, तर मूळ कॅसेट कॅमेऱ्यात घालून जुन्या टीव्हीवर त्यांना दाखवा, तेही सगळ्यांसमोर.