पोर्तुगालचा डी८ व्हिसा: घर नंतर, आधी कंपनीचं पत्र

दादा, तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या कंपनीची नोकरी तशीच ठेवून पोर्तुगालला राहायला यायचंय, तर आधी घर बघू का वकील गाठू. दोन्ही थांबवा, आधी एचआरकडे जा. मी 2023 पासून इथल्या पोर्तो शहरात आहे, डी८ वरच आले, म्हणजे बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम रिमोट करत इथे राहायचा व्हिसा, आणि माझे सगळ्यात जास्त पैसे याच उलट्या क्रमामुळे गेले. घर आधी घेतलं, डिपॉझिट भरलं आणि मग कळलं की कंपनीच्या पत्रात नुसतं 'रिमोट कामाची परवानगी आहे' एवढंच होतं. पोर्तुगालमधून काम करायला हरकत नाही असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, पद आणि पगारासकट. नवीन पत्र यायला सात आठवडे लागले, तेवढे दिवस रिकाम्या घराचं भाडं भरलं मी.

कंपनी पटकन हो म्हणत नाही त्यालाही कारण आहे. 183 दिवसांच्या वर राहिलात की तुम्ही इथले टॅक्स रेसिडेंट होता, मग आपल्यावर परदेशात काही टॅक्स वगैरे लागेल का ही त्यांना भीती. म्हणून तोंडी 'बघू, हरकत नाही' वर अजिबात विसंबू नका.

पगाराचं गणित असं की इथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं, मागच्या तीन महिन्यांची सरासरी. मी आले तेव्हा किमान वेतन 760 युरो होतं म्हणजे 3,040, 2025 मध्ये 870 झालं म्हणजे 3,480, युरोला शंभर रुपये भाव धरला तर महिना साडेतीन लाखाच्या आसपास. दर जानेवारीत वाढतं, त्यामुळे अगदी काठावर असाल तर डिसेंबरच्या आत अर्ज टाका. बाकी पीसीसी म्हणजे पोलिसांचा दाखला, इन्शुरन्स, राहण्याची सोय हे सगळं लागतंच, त्यात अवघड काही नाही, निफ म्हणजे इथला टॅक्स नंबर भारतातूनच काढता येतो.

व्हिसा दोन प्रकारचा आहे, एक वर्षभरापुरता आणि दुसरा चार महिन्यांचा. चार महिन्यांचा ऐकून घाबरू नका, तोच कायम राहायचा, त्यावर इथे येऊन आयमाच्या, म्हणजे परदेशी लोकांचे कागद बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, ऑफिसात राहण्याचं दोन वर्षांचं कार्ड करायचं असतं.

आणि एक, कुणी एजंट म्हणाला की टुरिस्ट म्हणून या, इथे आल्यावर कागद करून देतो, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. तो रस्ता जून 2024 मध्ये बंद झालाय. लाखो रुपये देऊन आलेली आणि आता अडकलेली आपल्याकडची पोरं मी इथे बघते, फार वाईट वाटतं.

बाहेरून राहायला येणाऱ्यांना इथल्या टॅक्समध्ये मिळायची ती जुनी मोठी सवलत 2024 पासून नवीन लोकांना नाही, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका, भारताशी दुहेरी कराचा करार आहे पण सीए दोन्हीकडचं समजणारा घ्या.

पुण्याच्या टीमची सकाळी दहाची मीटिंग इथे हिवाळ्यात पहाटे साडेचारला येते हो, उन्हाळ्यात साडेपाचला. आणि पोर्तोची घरं हिवाळ्यात आतून गार, भिंतींना बुरशी, बऱ्याच घरात हीटिंगच नसतं. वहिनी आणि मुलगी येणार असतील तर घर बघताना कपाटामागची भिंत बघा.

पत्राचा मसुदा मिळाला की नाव पगार झाकून मला पाठवा, मी वाचून लगेच सांगते काय राहिलंय ते.