बू रॅडलीचे टाके

प्रिय विद्यार्थी मित्रास,
सप्रेम नमस्कार.

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (1960) या कादंबरीतील बू रॅडली या वर्षानुवर्षे घरात कोंडून राहिलेल्या माणसावरचा तुझा निबंध वाचला. ‘बू हे निरागसतेचे प्रतीक आहे’ असे पहिल्याच परिच्छेदात लिहून तू मोकळा झालास आणि माझी अडचण तिथेच सुरू झाली. विधान चुकीचे नाही. पण ते पुराव्यानिशी, शेवटाकडे यायला हवे होते, कारण बू स्वतः जवळजवळ शेवटपर्यंत दिसत नाही, दिसते ते त्याच्या हातचे काम.

तेव्हा आधी ते काम पाहा. ओकच्या ढोलीत शेजारच्या मुलांना, म्हणजे कथा सांगणारी स्काउट आणि तिचा भाऊ जेम यांना, च्युइंगगम, जुनी नाणी, साबणात कोरलेल्या दोन बाहुल्या सापडतात. रॅडलींच्या कुंपणात अडकलेली पँट आणायला जेम मध्यरात्री परत जातो, तर ती घडी घालून कुंपणावर ठेवलेली असते आणि फाटलेला भाग वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेला असतो. सबंध मेकूम गाव ज्याच्याविषयी खारी कच्च्या खाणारा माणूस म्हणून बोलते, त्याने हे टाके घातले आहेत. या टाक्यांवर तू एक पान लिहिले असतेस, तरी मला चालले असते.

मग ‘पाप’ हा शब्द धर. मॉकिंगबर्ड हा गाणारा पक्षी मारणे पाप आहे असे मुलांचा वडील अ‍ॅटिकस सांगतो आणि अमुक गोष्ट पाप आहे असे त्याच्या तोंडून आपण तेवढ्या एकदाच ऐकले, अशी नोंद स्काउट आवर्जून करते. अखेरीस तोच शब्द शेरीफ हेक टेट उच्चारतो: बूला, या बुजऱ्या माणसाला, चारचौघांत ओढून आणणे पाप ठरेल. पक्षी आणि माणूस यांची सांगड स्काउट त्यानंतर घालते.

आता ही सांगड कुठे काचते, तेही लिही. बूने मुलांना वाचवताना त्यांच्यावर हल्ला करणाऱ्या बॉब यूएलला सुरीने मारले आहे. केवळ गाणाऱ्या, निरुपद्रवी पक्ष्याच्या चौकटीत तो पुरता मावत नाही. शिवाय याच प्रतीकाची छाया बलात्काराचा खोटा आरोप झालेल्या टॉम रॉबिन्सनवरही पडते. निर्दोष असूनही तो दोषी ठरतो आणि तुरुंगातून पळताना त्याच्या अंगात 17 गोळ्या शिरतात. गोऱ्या बूसाठी कायदा नजर दुसरीकडे वळवतो, कृष्णवर्णीय टॉमसाठी वळवत नाही. 1930 च्या दशकातल्या अलाबामाची ही कथा आहे आणि टॉमला तू एका ओळीत उरकले आहेस. माझ्या मते निबंधातली सर्वांत मोठी उणीव हीच.

नवा खर्डा लिहिण्यापूर्वी शेवटचा प्रसंग पुन्हा वाच. बू कुजबुजल्यासारखा, मला घरी सोडशील का, एवढेच विचारतो. स्काउट त्याला हात कोपरात वाकवायला सांगते आणि त्यात आपला हात घालते, म्हणजे शेजारीण मिस स्टेफनी वरच्या खिडकीतून पाहत असलीच, तर एक सभ्य गृहस्थ स्काउटला सोबत करत चालला आहे, असेच तिला दिसावे. त्या वाक्यात स्काउट त्याला ‘बू’ म्हणत नाही, ‘आर्थर रॅडली’ हे त्याचे खरे नाव घेते.

तुझा शुभचिंतक