गाडलेल्या तटाचा शोध घेताना

यंत्र कोणतं आणू, हे नंतर बघा. आधी जमिनीखाली नेमकं काय शोधायचंय ते ठरवा.

दगडी तटाचा पाया हवा असेल तर विद्युत रोध मोजा. दगड वीज अडवतो; बुजलेला खंदक ओल धरतो, म्हणून तिथे रोध सहसा कमी येतो. जमीन पार भिजलेली किंवा पार सुकलेली असली की हा फरक पुसट होतो, तेव्हा हंगाम बघून जा. रोध मोजायला जमिनीत रोवत पुढे न्यायच्या धातूच्या सरकत्या खुंट्यांमधलं अंतर अर्धा मीटर ठेवलंत तर साधारण तेवढ्याच खोलीचं दिसतं. आणखी खोल जायचं तर अंतर वाढवा.

चुली, भट्ट्या, जळकी माती यांसाठी मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरक टिपणारं यंत्र, उत्तम. बेसॉल्टवर मात्र तो फार गोंधळतो, कारण खडकच चुंबकीय. तो हाती घेण्याआधी पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, मोबाइल सगळं दूर ठेवा. बुटातली लोखंडी पट्टीसुद्धा नकाशावर रेघा ओढते.

जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडून परतणारे प्रतिध्वनी टिपणारा रडार, खोलीचा अंदाज देतो, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी विरतात.

आणि मोजणीसाठी आखलेल्या चौकोनांचे, म्हणजे ग्रिडचे, कोपरे टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने) नोंदवाच. पुढे उत्खननाचा चर कुठे घ्यायचा, ते त्यावरच ठरतं. जागा संरक्षित असेल तर लेखी परवानगी हातात पडेपर्यंत एक खुंटीही रोवू नका.