वाचकांचे प्रश्न : कार्यक्रमपानाचे मुखचित्र

प्रश्न : आमच्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी ए-४ आकाराचे उभे भित्तिपत्रक तयार केले; मात्र तेच फेसबुकच्या कार्यक्रमपानावर (इव्हेंट पेज) मुखचित्र (कव्हर फोटो) म्हणून लावताच वरचे शीर्षक आणि खालची नावे कापली गेली. चित्र लहान केल्याने हे टळेल का?

उत्तर : टळणार नाही, कारण अडचण मापाची नसून प्रमाणाची आहे. कार्यक्रमपानाची चौकट आडवी असून तिची रुंदी उंचीच्या साधारण १.९१ पट, म्हणजे १९२० बाय १००५ पिक्सेल, धरतात. ए-४ कागदाची उंची मात्र रुंदीच्या १.४१ पट असते. त्यामुळे पूर्ण रुंदी दाखवताना भित्तिपत्रकाचा जेमतेम ३७ टक्के भाग चौकटीत मावतो. चित्र ताणून बसवू नका. त्याने चेहरे विद्रूप होतात, आणि निमंत्रितांचा तो अनादरच ठरतो. त्याऐवजी चित्र-संपादनाच्या ॲपमध्ये १९२० बाय १००५ पिक्सेलचा नवा कॅनव्हास, म्हणजे कोरी चौकट, घेऊन मुख्य छायाचित्र व शीर्षक मध्यभागी मांडा आणि कडांना मोकळी जागा ठेवा. तारीख, वेळ व स्थळ पानावर स्वतंत्रपणे दिसतच असल्याने ते चित्रात पुन्हा लिहिण्याची गरज नाही. छायाचित्र मुळातच लहान असेल तर ते मोठे केल्याने तपशील वाढत नाही, म्हणून मूळ फाइलच वापरावी. अक्षरे ठळक असलेले चित्र जेपीईजीऐवजी पीएनजी स्वरूपात साठवल्यास अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात.