गुरुत्वाकर्षण एवढे दुर्बळ का, आणि त्याचे कारण अतिरिक्त मिती असू शकतात का?

आपण विचारले आहे की गुरुत्वाकर्षण इतर बलांपेक्षा एवढे दुर्बळ का, आणि त्याचा काही अंश अदृश्य मितींमध्ये विखुरतो हे खरे का. पहिल्या प्रश्नाचे निश्चित उत्तर आज कोणाकडेही नाही. दुसऱ्यातील कल्पना तर्कशुद्ध आहे, पण तिला आजवर पुरावा मिळालेला नाही.

दोन प्रोटॉनांमधील विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एकावर ३६ शून्ये इतके पट असते. दोन्ही बले अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्यामुळे अंतर बदलले तरी हे गुणोत्तर बदलत नाही. मात्र ते प्रोटॉनच्या वस्तुमानावर अवलंबून असते, म्हणून मूलकणांची वस्तुमाने एवढी अल्प का, असा तोच प्रश्न उलट बाजूनेही विचारता येतो, आणि मला ती मांडणी अधिक नेमकी वाटते.

आता मितींकडे वळू. व्यस्त वर्गाचा नियम अवकाशाच्या तीन मितींतून येतो: वस्तूपासून निघणारा प्रभाव गोलाच्या पृष्ठभागावर पसरतो आणि तो पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. आणखी दोन मिती असत्या, तर बल अंतराच्या चौथ्या घाताने घटले असते. त्या मिती स्वतःवरच गुंडाळलेल्या असतील, तर त्यांच्या आकाराहून कमी अंतरावर ही जलद घट दिसेल, आणि त्यापलीकडे नेहमीचाच नियम दिसेल, पण बल तोवर पातळ झालेले असेल. नीमा अर्कानी-हामेद, साव्हास दिमोपोलोस आणि जिया द्वाली या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये असे सुचवले की प्रकाश आणि द्रव्य आपल्या त्रिमितीय पटलालाच चिकटलेले असतील, तर केवळ गुरुत्वाकर्षणाला जाणवणाऱ्या अशा दोन मिती एक मिलिमीटरच्या आसपासही असू शकतात, कारण त्याहून कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण तोवर कोणी नीट मोजलेच नव्हते. त्यांच्या गणितानुसार अशी एकच मिती असेल, तर तिचा आकार सूर्य-पृथ्वी अंतराच्या तोडीचा निघतो आणि ग्रहांच्या गतीमुळे तो पर्याय तत्काळ बाद होतो.

या कल्पनेविषयी मला मनापासून आदर आहे तो तिने प्रयोगाला आव्हान दिले म्हणून. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बारीक तंतूला टांगलेल्या चकतीखाली दुसरी चकती फिरवली जाते आणि वरच्या चकतीला बसणारा अतिसूक्ष्म पीळ मोजला जातो. विद्युत बलांचा अडथळा होऊ नये म्हणून दोहोंमध्ये धातूचा पातळ पडदा ताणलेला असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार ५२ मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतक्या अंतरापर्यंत, व्यस्त वर्गाचा नियम अबाधित आहे. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या प्रोटॉनांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रामध्येही टकरीतील ऊर्जा अतिरिक्त मितींमध्ये निसटल्याची खूण आढळलेली नाही.

म्हणून अतिरिक्त मिती आहेत असे मी म्हणणार नाही. तीन किंवा अधिक अतिरिक्त मितींची शक्यता अजून शिल्लक आहे, परंतु त्यांचा आकार नॅनोमीटर किंवा त्याहूनही लहान असेल, आणि एवढ्या जवळ विद्युत बलांपुढे गुरुत्वाकर्षण वेगळे काढून मोजणे आजच्या कोणत्याही उपकरणाला शक्य नाही.