ब्रँडेड की असेंबल्ड? आधी दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून वाचा

प्रश्न: आमचा घरचा डेस्कटॉप २०१६ चा आहे, त्यावर विंडोज ११ चढत नाही. मॉनिटर आणि यूपीएस मात्र चालू आहेत. मी घरून काही छोट्या व्यावसायिकांचे हिशेब बघते. घरच्या उत्पन्नातला साधारण एक तृतीयांश भाग त्यातून येतो. मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे, त्याला व्हिडिओ एडिटिंगची आवड लागली आहे. एका नावाजलेल्या कंपनीच्या डेस्कटॉपचं कोटेशन घेतलं आहे. भाचा म्हणतो, "मावशी, मी सुटे भाग आणून असेंबल करून देतो, पाचवा हिस्सा वाचेल." तो पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाणार आहे. हाताशी चार महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी आहे. कुठला घेऊ? आणि पैसे गंगाजळीतून काढू, की हप्त्यांवर घेऊ?

उत्तर: ताई, दोन्ही कोटेशन सोबत जोडलीत हे फार बरं केलंत. नुसता शेवटचा आकडा कळवला असता तर मलाही नीट काही सांगता आलं नसतं.

ब्रँडेडची किंमत १०० धरली, तर भाच्याचं कोटेशन ८० ला येतं. आता दोन्ही कागद ओळीओळीने वाचू. भाच्याच्या यादीत प्रोसेसर, मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, एसएसडी (फाइल साठवणारी वेगवान डिस्क), कॅबिनेट आणि एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा भाग) आहे. विंडोजचं लायसन्स मात्र नाही. वाय-फायही नाही, कारण त्याने निवडलेल्या मदरबोर्डमध्ये ते येत नाही. दुसऱ्यांचे हिशेब ज्या मशीनवर ठेवायचे, तिथे लायसन्स अधिकृतच हवं, त्यात तडजोड करू नका. ही भर घातली की ८० चे साधारण ९१ होतात. इकडे ब्रँडेडमध्ये विंडोज आहे, वाय-फाय आहे, पण रॅम ८ जीबीची एकच पट्टी आहे. विंडोज ११, हिशेबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये उघडी पंधरा पानं आणि एखादा व्हिडिओ कॉल एवढं एकदम चालवायचं तर १६ जीबी हवीच. ती टाकली की १०० चे १०६. म्हणजे खरा फरक २० चा नाही, १५ चा आहे. पाचवा हिस्सा वाचणार होता, तो आता सातवा हिस्सा झाला.

रॅमबद्दल आणखी एक. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चांगलेच चढले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे आहे. त्यामुळे ३२ जीबीचा मोह आत्ता नको. १६ घ्या, आणि मदरबोर्डवर रॅमची एक खाच तरी रिकामी राहते का एवढं बघा. जुन्या मशीनमधली रॅम काढून नव्यात बसवू असं भाचा म्हणाला असेल, तर नव्या बोर्डला डीडीआर ५ (रॅमचा नवा प्रकार) लागते का हे आधी बघा. लागत असेल तर जुनी पट्टी त्या खाचेत बसणारच नाही.

भाच्याच्या यादीतली जी ओळ मला सगळ्यात जास्त खटकली ती अशी: "एसएमपीएस ४५० वॅट". बस, एवढंच. कंपनी नाही, मॉडेल नाही, वॉरंटी नाही. प्रोसेसरचं नाव अक्षरन् अक्षर लिहिलंय, आणि सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या भागाचं नावच नाही! किंमत खाली आणायची असली की पहिला हात इथेच पडतो, कारण गिऱ्हाईक ती ओळ वाचत नाही. चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसला ५ ते १० वर्षांची वॉरंटी असते. हलका असेल तर तो स्वतः जाताना मदरबोर्ड किंवा एसएसडीही घेऊन जाऊ शकतो. "८० प्लस"चा शिक्का जरूर बघा, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता, हा त्याचा मूळ निकष. आतली संरक्षणव्यवस्था कशी आहे हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. म्हणून भाच्याला सांगा, प्रत्येक ओळीसमोर कंपनी, मॉडेल आणि वॉरंटी लिही. तो मन लावून काम करणारा मुलगा दिसतो. यादी दुरुस्त करून आणेल, आणि त्यात ९१ चे ९३-९४ झाले तरी ते पैसे योग्य जागी गेलेले असतील.

आता मुद्द्यावर येतो. उरलेल्या या फरकात तुम्ही नेमकं काय विकत घेताय? वेगाच्या बाबतीत दोन्ही मशीन सारखीच, तुमच्या कामासाठी तर नक्कीच. फरक आहे तो बिघाड झाला की धावपळ कोणी करायची याचा. असेंबल्ड मशीनला वॉरंटी नसते हा गैरसमज आहे. उलट सुट्या भागांची वॉरंटी बऱ्याचदा जास्त असते: डबाबंद प्रोसेसरला साधारण ३ वर्षं, चांगल्या एसएसडीला ५ वर्षं, रॅमला बहुतेक कंपन्या मर्यादित आजीवन वॉरंटी देतात. ब्रँडेडला मूळ वॉरंटी अनेकदा १ वर्षाचीच असते. पण सकाळी बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला, तर दोष रॅमचा, मदरबोर्डचा की एसएमपीएसचा, हे कोण शोधणार? शोधल्यावर तो भाग काढून, त्या-त्या कंपनीकडे पाठवून, परत येईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा बसवायचं. पहिल्या वर्षी हे भाचा करेल. नंतर फोनवरून, त्याच्या परीक्षेच्या दिवसांत, मावशीला "ती पट्टी काढून दुसऱ्या खाचेत लाव" असं सांगत बसेल.

याची किंमत काढता येते. घरचं महिन्याचं उत्पन्न १०० धरलं, तर तुमच्या कामाचे ३३. मशीन एक आठवडा बंद म्हणजे साधारण ८ गेले. तोच आठवडा विवरणपत्रं भरण्याच्या मुदतीचा असेल तर एखादं गिऱ्हाईक कायमचं जाऊ शकतं, आणि ते नुकसान एका आठवड्यापुरतं राहत नाही. म्हणून उत्पन्न देणाऱ्या मशीनच्या बाबतीत जास्तीचे पैसे मी विम्याच्या हप्त्यासारखे बघतो. करमणुकीच्या मशीनच्या बाबतीत तसं बघणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचा साचा आणला, त्यामुळे कॅबिनेट एका कंपनीचं, बोर्ड दुसऱ्याचा, एसएमपीएस तिसऱ्याचा, आणि सगळं एकमेकांत बसतं, अशी सोय झाली. असेंबल्ड मशीन त्या सोयीवरच उभं असतं. कित्येक ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये मात्र एसएमपीएसचा आकार आणि बोर्डाला जाणारं कनेक्टर कंपनीचं खास असतं. वॉरंटी संपल्यावर एवढासा भाग गेला तरी तोच भाग शोधत फिरावं लागतं, नाहीतर चांगलं मशीन मोडीत निघतं. विंडोजचंही तसंच. ब्रँडेडसोबत येणारं लायसन्स त्या मदरबोर्डाला बांधलेलं असतं, तर वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स तुम्ही पुढच्या मशीनवर नेऊ शकता.

वर्षाला पडणारा खर्च काढला तर असेंबल्ड पुढे जातं. ब्रँडेड १०६ ला घेऊन ६ वर्षं वापरलंत, तर वर्षाला साधारण पावणेअठरा. असेंबल्ड ९१ ला घेतलं, चार-पाच वर्षांनी २४ घालून प्रोसेसर आणि एसएसडी बदललं आणि एकूण ८ वर्षं चालवलं, तर वर्षाला साडेचौदाच्या आत. वर्षांचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण दिशा हीच. अट एवढीच की बदल करणारं माणूस घरात हवं, आणि सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) टिकणारा हवा. "पुढे अपग्रेड करता येईल" हे वाक्य फार सहज बोललं जातं. एएमडी कंपनीच्या एएम ४ सॉकेटवर २०१७ साली मशीन घेणाऱ्याला, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मिळालेल्या बोर्डावर, २०२२ साली आलेला प्रोसेसर बसवता आला. इंटेलच्या २०२१ च्या एलजीए १७०० सॉकेटनंतर २०२४ मध्ये डेस्कटॉपसाठी नवा सॉकेट आला, म्हणजे तिथे नवी पिढी हवी तर मदरबोर्डही नवा. भाच्याने निवडलेल्या बोर्डात पुढे काय बसेल, हे त्याला आत्ताच विचारा.

तुमच्या पत्रात खरं तर दोन गरजा एका मशीनमध्ये कोंबल्या आहेत, आणि माझी मुख्य हरकत त्याला आहे. दुसऱ्यांचे हिशेब, त्यांचे पासवर्ड, बँकेचे कागद ज्या मशीनवर आहेत, त्याच मशीनवर शाळकरी मुलगा नवनवीन सॉफ्टवेअर आणि फुकटचे प्लग-इन उतरवून बघणार, हे मला अजिबात पसंत नाही. मुलगा चुकीचा वागेल असं मला म्हणायचं नाही. शिकणाऱ्याने प्रयोग करायलाच हवेत, फक्त ते मशीन वेगळं हवं.

तेव्हा माझा सल्ला असा. तुमच्या कामासाठी ब्रँडेड घ्या, पण जे कोटेशन आणलंत ते नव्हे. बहुतेक मोठ्या कंपन्यांची घरगुती मालिका वेगळी आणि कार्यालयांसाठीची वेगळी असते. कार्यालयीन मालिकेतलं लहान आकाराचं, ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन बघा. दिसायला साधं असतं, पण त्याला ३ वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घेता येते, म्हणजे तंत्रज्ञ घरी येतो. "कॅरी-इन" लिहिलं असेल तर मशीन उचलून तुम्हालाच न्यावं लागतं. ज्या कारणासाठी तुम्ही जास्त पैसे मोजताय, ते कारणच मग उरत नाही. जुना मॉनिटर आणि यूपीएस चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते तसेच वापरा. नव्या कोटेशनमध्ये मॉनिटर धरला असेल, तर तो काढून टाकलात की वॉरंटीचा खर्च बहुधा तिथेच भरून निघेल. मॉनिटरला जोडायची केबल जुळते का, तेवढं घेण्याआधी बघा.

एरवी एक्स्टेंडेड वॉरंटीला माझा विरोध असतो. विकणाऱ्याचा नफा त्यात भरपूर असतो आणि छोट्या खर्चांसाठी विमा घेण्यात अर्थ नसतो. इथे अपवाद करतो, कारण बंद पडलेल्या दिवसांचा खर्च तुमच्यासाठी छोटा नाही. मात्र ती मूळ कंपनीचीच घ्या, दुकानाची किंवा तिसऱ्याच कुणाची नको.

मुलासाठी तूर्त जुनं मशीन ठेवा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीसोबत इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१६ च्या मशीनमध्ये तो असूच शकत नाही. पण त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम व्यवस्थित चालेल. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर त्यावर चालतात, आणि प्रॉक्सी क्लिप (मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती) बनवून काम केलं तर जुना प्रोसेसरही तग धरतो. अजून साधी हार्ड डिस्क असेल तर एक एसएसडी बसवा. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारा दुसरा बदल जुन्या मशीनमध्ये नाही. ते काम भाच्याने मुलाला शेजारी बसवून करावं. वर्षभराने मुलाचा हात बसला आणि आवड टिकली, तर ग्राफिक्स कार्डासह त्याचं मशीन असेंबल करा. तिथे असेंबल्डच योग्य, कारण मशीन उघडणारा माणूस तोवर घरातच तयार झालेला असेल. आज दोघांच्या नावाने महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. हिशेबाच्या कामात ते बसून राहील आणि दर वर्षी स्वस्त होत जाईल.

विजेचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. लहान मशीन आणि ग्राफिक्स कार्डवालं मोठं मशीन यांत साध्या कामालाही ३५ वॅटचा फरक पडला, तर रोज ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरून ८४ युनिट होतात. फार मोठी रक्कम नाही, पण ६ वर्षं भरायची आहे.

आता पैसे. गंगाजळीला हात लावू नका. चार महिन्यांची पुंजी तुमच्यासारख्या, उत्पन्नाचा एक भाग अनियमित असलेल्या घराला आधीच कमी आहे. सहा महिन्यांची हवी. कमाई देणाऱ्या साधनासाठी छोट्या मुदतीचे हप्ते घेणं मला गैर वाटत नाही. फक्त "बिनव्याजी" शब्दावर विसंबू नका. दुकानात आधी रोखीचा भाव काढून घ्या, मग हप्त्यांचा विषय काढा. रोखीला सूट असेल आणि हप्त्याला नसेल, तर तो फरक म्हणजेच व्याज. त्यात प्रक्रिया शुल्क मिळवा आणि मग ठरवा. मुदत १२ महिन्यांच्या आत ठेवा, आणि हप्ता तुमच्या कामाच्या महिन्याच्या मिळकतीच्या दहाव्या भागाहून जास्त नको. तेवढ्यात बसत नसेल तर दोन-तीन महिने तीच रक्कम बाजूला टाका आणि तेवढं डाउन पेमेंट करा. बिल तुमच्या व्यवसायाच्या नावाने घ्या. घसारा किती दाखवता येतो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

एक खर्च दोन्ही कोटेशनमध्ये नाही आणि तो टाळता येणार नाही: बॅकअप. वॉरंटी मशीनची असते, त्यातल्या हिशेबांची नाही. वॉरंटीत एसएसडी बदलून मिळते तेव्हा जुनी बहुतेक वेळा कंपनी घेऊन जाते, गिऱ्हाइकांच्या कागदांसकट. म्हणून डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट करा, म्हणजे दुसऱ्याला ती वाचता येणार नाही; रिकव्हरी की (अडल्यास ती उघडायचा कोड) कागदावर लिहून वेगळी ठेवा, एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि एक प्रत क्लाउडवर ठेवा. मॉनिटर वगळून जे वाचेल, त्यातून वॉरंटीनंतरचा पहिला खर्च हाच करा. नव्या कोटेशनमध्ये रॅमची रिकामी खाच, वॉरंटीचा प्रकार आणि एसएमपीएस सुटा मिळतो का, ही तीन उत्तरं लेखी घ्या. ती हाती आली की मला पाठवा, रक्कम भरण्याआधी मी एकदा नजर टाकतो.