मुंबईत उतरायचे कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बाहेरगावाहून मुंबईत येणाऱ्या कुटुंबांच्या मुक्कामाची व्यवस्था लावून देणे, हे माझे गेल्या बावीस वर्षांचे काम आहे. येणाऱ्या पत्रांपैकी बहुतेकांत शब्द बदलून एकच प्रश्न असतो : ‘मुंबईतला गजबजलेला, मध्यवर्ती भाग कोणता ते सांगा, म्हणजे तिथेच खोली घेतो.’ हा गोंधळ थांबत नाही, म्हणून यावेळी काही पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे आणि आठ व अकरा वर्षांची मुले चार दिवस मुंबई पाहायला येत आहोत. संध्याकाळी पायी फिरता येईल असा भाग सुचवावा. (कोल्हापूर)

चर्चगेट किंवा कुलाबा. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, काळा घोडा, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह हे सारे तिथून मुलांना घेऊन पायी होते. ओव्हलच्या एका बाजूला एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरियन गॉथिक शैलीच्या आणि दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती समोरासमोर उभ्या आहेत. 2018 मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो का मिळाला हे मैदानाच्या मध्ये उभे राहिले की मुलांनाही कळेल. फोर्टमधील हॉटेले थोडी स्वस्त पडतात, परंतु कचेऱ्या सुटल्यावर आणि रविवारी तिथल्या आतल्या गल्ल्या ओस पडतात. या भागात रिक्षा चालत नाहीत. टॅक्सी किंवा बेस्टची बस घ्यावी. गेटवेवरून बोटीने घारापुरीची लेणी पाहायला जाणार असाल, तर ती सोमवारी बंद असतात. एका खोलीत चौघांना राहू देतात का आणि जादा गादीचे किती घेतात, हे मात्र हॉटेलकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न : आमची गाडी पहाटे लोकमान्य टिळक टर्मिनसला येते. मुक्कामही कुर्ल्यातच करावा का? (नांदेड)

नाही, मुक्काम कामाच्या ठिकाणावरून ठरवावा. शिवाय हे टर्मिनस कुर्ला स्टेशनाला लागून नाही, जवळचे लोकल स्टेशन हार्बर मार्गावरचे टिळकनगर आहे.

प्रश्न : एका संकेतस्थळावर ‘दादरजवळ, मुंबईच्या मध्यभागी, स्टेशन पाच मिनिटांवर’ अशी खोली निम्म्या दरात दिसते आहे. घ्यावी का? (नाशिक)

पूर्ण पत्ता हाती आल्याशिवाय मुळीच नाही. या एका जाहिरातीपायी मी इतकी माणसे रस्त्यावर उभी राहिलेली पाहिली आहेत की, याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

नाशिकमध्ये गावाच्या मध्यभागी राहिले की सगळ्या दिशा साधारण सारख्याच जवळ पडतात. मुंबईचे तसे नाही. हे शहर दक्षिणोत्तर लांबट आहे आणि त्याची जवळीक व दुरावा नकाशावर नव्हे, तर रेल्वेच्या मार्गांवर मोजला जातो. एकाच मार्गावरची सात-आठ स्टेशने लोकलने वीस-पंचवीस मिनिटांत मागे पडतात, आणि संध्याकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे तीन-चार किलोमीटर टॅक्सीने जायला कधी कधी तास जातो. दादर मध्यवर्ती आहे ते पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मार्ग तिथे भेटतात म्हणून. डिसेंबर 2023 पासून तिथल्या फलाटांना 1 ते 14 असे सलग क्रमांक आहेत, आणि आता आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रोही दादरवरून जाते. परंतु या सगळ्याचा लाभ स्टेशन पायी गाठता येते त्यालाच. त्या टापूच्या बाहेर गेलात की तुम्ही दादरला राहत नाही, फक्त जाहिरातीत राहता.

गेल्या पावसाळ्यात सोलापूरचे एक कुटुंब मला दादर पूर्वेला स्टेशनाबाहेर भेटले. आजोबांनी तपासण्यांची फाइल दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरली होती, सूनबाई मोबाइलवरचा पत्ता तिसऱ्या टॅक्सीवाल्याला दाखवत होत्या, आणि तो पत्ता निघाला अँटॉप हिलचा. पैसे आधीच भरलेले होते आणि परत मिळणार नव्हते. ‘पाच मिनिटे’ हे अंतर मध्यरात्री मोकळ्या रस्त्याने गाडीतून मोजलेले असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून आधी पिनकोड पाहा. दादर पूर्वेचा 400014 आणि पश्चिमेचा 400028 आहे. दुसरा काही असेल तर जाहिरातदाराला कारण विचारा. जवळचे स्टेशन कोणते, पूर्व की पश्चिम, आणि सामान घेऊन पायी किती वेळ, हे तीन प्रश्न फोनवर विचारा. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसरी खोली पाहा. गजबज हवी असली तरी पश्चिमेला फुलबाजारावर उघडणारी खोली विचारपूर्वक घ्या, कारण तिथे पहाटे अंधारातच टेम्पो आणि हातगाड्यांतून झेंडूची पोती उतरू लागतात. पैसे भरण्यापूर्वी दादर-माटुंग्यात राहणाऱ्या ओळखीच्या कोणालाही तो पत्ता वाचून दाखवा. दोन मिनिटांत खरे काय ते कळेल.

प्रश्न : वडिलांना टाटा रुग्णालयात दाखवायचे आहे. महिनाभरासाठी खोली कुठे घ्यावी? (लातूर)

प्रथम तुम्हाला परळला बोलावले आहे की खारघरच्या केंद्रात, याची रुग्णालयाकडून खात्री करून घ्या. परळ मुंबईत आहे आणि खारघर खाडीपलीकडे नवी मुंबईत. परळ असेल तर परळ, लालबाग किंवा दादर पूर्व योग्य. मात्र जोराच्या पावसात परळ-दादरच्या दरम्यानच्या हिंदमाता परिसरात पाणी तुंबते. महिन्याचे भाडे आधीच भरू नका, उपचार किती दिवस चालतील हे डॉक्टर ठरवतील. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी सोय होऊ शकते का, हे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातच विचारावे. फाटकाबाहेर ‘खोली पाहिजे का’ विचारणाऱ्या दलालांशी बोलूही नये.

प्रश्न : मुलगी परीक्षेसाठी एकटी येणार आहे, केंद्र गिरगावात आहे. ग्रँट रोडला परवडणारे लॉज आहे, पण सगळे म्हणतात तो भाग चांगला नाही. (अकोला)

हे ‘सगळे’ तिथे शेवटचे कधी गेले होते, ते आधी विचारा. स्टेशनाच्या पश्चिमेला नाना चौक, गावदेवी आणि गांधीजींचा मुक्काम असे ते मणिभवन आहे. पूर्वेला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार आहे. मुंबईत वस्ती गल्लीगणिक बदलते, एका स्टेशनाच्या नावाने साऱ्या भागाला नावे ठेवणे अन्यायाचे आहे. लॉजची चौकशी मात्र कसून करा : एकट्या मुलीला खोली देतात का (काही जण ऐनवेळी नाकारतात), रात्री स्वागतकक्षात कोण असते, दाराला आतून भक्कम कडी आहे का. शक्य असल्यास घरातल्या कोणी एकदा प्रत्यक्ष पाहून यावे.

प्रश्न : अनंत चतुर्दशीला गिरगावात राहून विसर्जन पाहायचे आहे. दहा दिवस आधी खोली नोंदवली तर चालेल ना? (सातारा)

नाही, तोवर फार उशीर झालेला असतो. आजच फोन करा. खोली दोन रात्रींची घ्या, कारण लालबागचा राजा चौपाटीवर पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. त्या दिवशी गिरगावातले रस्ते वाहनांना बंद असतात, म्हणून आदल्या दिवशीच येऊन 1893 पासूनचा केशवजी नाईक चाळीचा गणपतीही पाहून घ्या. शेवटच्या घटकेला खोली शोधणाऱ्यांना इंटरनेटवर हॉटेलच्या नावाखाली भलताच क्रमांक मिळतो आणि पलीकडचा माणूस पूर्ण रक्कम लगेच मागतो. असे झाले तर पैसे पाठवू नका. पाठवले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा.